आरामखुर्चीचा अंमल

इंग्लंडात सरे परगण्यातील फ्रिम्ली या गावी लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने 1905 साली क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम उघडले, तेथे त्या काळी एखादा पाहुणा गेला असता तर आपण वाट चुकून बांधकामाच्या जागी आलो की काय, असा भ्रम त्याला झाला असता. कारण छातीत राजयक्ष्म्याची खूण घेऊन आलेले पुरुष तेथे मातीने भरलेल्या टोपल्या वाहत, काही जण लहान फावड्याने व काही मोठ्या फावड्याने जमीन उकरीत, आणि ज्यांची प्रकृती सर्वांत सुधारलेली असे ते कुदळ चालवीत. तेथील मुख्य वैद्य डॉक्टर मार्कस पॅटर्सन यांनी श्रमांची एक चढती श्रेणी बांधून दिली होती. नव्या रोग्याने आधी थोडे चालायचे, ते अंतर हळूहळू मैलामैलाने वाढवीत न्यायचे, ते साधल्यावर टोपली उचलायची, टोपलीनंतर फावडे आणि फावड्यानंतर कुदळ. आणि यातील एका पायरीवरून दुसरीवर चढण्याची मुभा रोग्याची हौस पाहून मिळत नसे, तर तापमापक पाहून मिळे. अंगात जराशी कसर आली की टोपली खाली ठेवायची आणि बिछाना धरायचा, असा तेथला शिरस्ता होता. त्या आरोग्यधामाचा खरा मुकादम म्हणजे काचेची ती बारीक नळी.

पॅटर्सन यांची उपपत्ती अशी, की श्रमाने फुप्फुसातील जंतूंचे विष अल्प मात्रेने रक्तात उतरते आणि शरीर त्याचा प्रतिकार शिकते. 1911 साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. ती उपपत्ती काळाच्या कसोटीला उतरली नाही, हे खरे. परंतु तिच्या मागे जी चिंता होती ती मला आजही फार मोलाची वाटते. फ्रिम्लीला येणारे रोगी बहुतांशी मोलमजुरीची माणसे होती, आणि महिनोन्‌महिने खुर्चीत पडून वजन वाढवून परतलेला मजूर जर कारखान्याच्या दारातच धापा टाकू लागला, तर त्याला बरा झाला म्हणायचे कशाच्या आधारावर, हा तो प्रश्न होता.

कारण त्या वेळी क्षयाच्या चिकित्सेवर अंमल होता तो आरामखुर्चीचा. विशेष हे, की आरोग्यधामाची परंपरा ज्याने सुरू केली त्या हेर्मान ब्रेमर या जर्मन वैद्याने रोग्यांना चालायलाच लावले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सायलेशियातील ग्योर्बर्सडॉर्फच्या डोंगरांत त्याने आपले रुग्णालय थाटले, आणि क्षयी मनुष्याचे हृदय त्याच्या फुप्फुसाच्या मानाने लहान असते, सबब चढावर चालवून ते बळकट केले पाहिजे, अशी त्याची धारणा होती. त्याचाच रोगी आणि पुढे त्याचाच साहाय्यक झालेल्या पेटर डेटवायलरने मात्र 1876 साली फाल्केनस्टाइन येथे स्वतःचे आरोग्यधाम उघडून गुरूचा हुकूम फिरवला: रोग्याने उघड्या व्हरांड्यात, घोंगड्यांत गुरफटून, दिवसाचे कित्येक तास आडव्या खुर्चीवर निजून राहावे. पुढे अर्धे शतक युरोप-अमेरिकेत शिष्याचाच शब्द चालला. आपल्याकडे पाचगणीच्या थंड हवेत आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीत जी आरोग्यधामे उभी राहिली, ती याच परंपरेतली. आणि हवापालट, दूध-अंडी व पडून राहणे ही त्रिसूत्री मराठी मध्यमवर्गाच्या घरांतही तेव्हापासूनच मुरली.

या अंमलाला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या काळी जंतूवर चालणारे एकही औषध हाती नव्हते, आणि जिना चढताना रोग्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी येताना वैद्याने डोळ्यांनी पाहिलेली असे, त्या काळी विश्रांतीखेरीज देण्याजोगे त्याच्यापाशी होते तरी काय? इटलीच्या कार्लो फॉर्लानिनीने तर विश्रांतीचे हे तत्त्व खुद्द फुप्फुसापर्यंत नेले आणि छातीच्या पोकळीत हवा भरून रोगी फुप्फुस मिटवून निजवण्याची तजवीज केली. तुरळक विरोधी सूर निघत राहिले. डेन्व्हरच्या चार्ल्स डेनिसन यांनी 1895 साली फुप्फुसाच्या रोग्यांचा आहार व व्यायाम या विषयावर पुस्तक लिहिले होते, पण अशा आवाजांना दाद मिळण्यास फार काळ जायचा होता.

क्षयापुरता या प्रकरणाचा निकाल लागला तो मद्रासेत, आणि भारताच्या वैद्यकेतिहासातील हे पान आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असावे, असे मला वाटते. 1956 साली तेथे स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने 193 गरीब रोग्यांच्या दोन तुकड्या पाडल्या. औषधे दोन्हींना तीच, परंतु एक तुकडी आरोग्यधामात खाटेवर, चांगल्या अन्नावर, तर दुसरी आपल्याच दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या जेवणावर, घरची कामे उरकीत. 1959 साली वर्षाअखेरचा जमाखर्च प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या उतरल्या. खाट, दूध आणि शुद्ध हवा यांवर शंभर वर्षे जो भरवसा ठेवला गेला होता, तो औषधांच्या एका पुडीने निकामी केला.

आरामखुर्ची मात्र रिकामी झाली नाही. तिच्यात दुसरा रोगी येऊन बसला. जीर्ण श्वासनलिकादाह आणि फुप्फुसांचा वातविस्फार, ज्यांना आज एकत्रितपणे सीओपीडी म्हणतात आणि आमच्या घरांत सरसकट ‘दमा’ म्हणून मोकळे होतात, त्या व्याधींनाही क्षयाचेच पथ्य वारसाहक्काने मिळाले. धूम्रपान हे या रोगाचे मोठे कारण खरे, परंतु ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशा लाखो स्त्रियांच्या छातीत आपल्याकडे तो चुलीच्या वाटेने शिरला. माझी आत्या वाईजवळच्या एका खेड्यात चाळीस वर्षे चुलीपुढे बसली. शेणी आणि तुराट्या, पावसाळ्यात त्याही ओल्या, आणि हातात लोखंडी फुंकणी. आपल्याला काही तरी झाले आहे हे तिला प्रथम कळले ते एके सकाळी फुंकणीतून जाळ लागेना तेव्हा. तालुक्याच्या डॉक्टरांनी, त्यांच्या काळच्या समजुतीप्रमाणे आणि पूर्ण सद्‌भावाने, ताकीद दिली की पाणी भरायचे नाही, जिना चढायचा नाही, पडून राहायचे. घरातल्या सर्वांनी ती ताकीद अतिशय प्रेमाने पाळली. दोन वर्षांत आत्याच्या पोटऱ्या काठीसारख्या वाळल्या, आणि जी विहिरीपर्यंत जाऊन येत असे ती ओसरीवरून परसदारी जाताना तीनदा भिंत धरू लागली. आणि आम्हांला वाटत राहिले की रोग वाढतो आहे.

वाढत होते ते दुसरेच. या व्याधीत आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. श्वास जलद झाला की मागची हवा छातीत साचते, पिंजरा फुगतो आणि पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. हा अनुभव बुडण्यासारखा असल्याने मनुष्य साहजिकच हालचाल टाळतो; टाळली की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात; क्षीण स्नायूंत थोड्याशा कामानेही लॅक्टिक आम्ल तयार होते, ते निपटण्यासाठी अधिक श्वास लागतो, आणि नेमका तोच तर शिलकीत नसतो. त्यातच वैद्यांना उजव्या हृदयाची धास्ती होती. श्रमाने रक्तातील प्राणवायू उतरेल, फुप्फुसातील रक्तवाहिन्या आवळतील आणि आधीच ताणलेले हृदय थकून जाईल, अशा भयाने 1950 च्या सुमारास रोग्याला खुर्चीतून उठू देणे हे धाडस मानले जाई.

ते धाडस न्यूयॉर्कच्या अल्व्हन बराक यांनी केले. 1952 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले, की प्राणवायू घेत चालण्याचा सराव केलेले दोन रोगी पुढे प्राणवायूवाचूनही पूर्वीपेक्षा सुखाने चालू लागले. आणि धावपटूच्या शरीरात तालमीने जो पालट होतो तसाच काहीसा येथे झाला असावा, असा तर्क त्यांनी मांडला. वातविस्फाराच्या रोग्याची तुलना धावपटूशी करण्यास त्या काळी मोठीच दृष्टी लागली असेल. 1964 साली टेक्सासमधील डलासच्या पियर्स, मिलर आदींनी मोजक्या रोग्यांना चालत्या पट्ट्यावर तालीम देऊन हिशेब मांडला तेव्हा तेवढ्याच कामाला नाडी कमी पडू लागली होती, श्वास कमी लागत होता, प्राणवायूही कमी खर्च होत होता. फुप्फुस मात्र तपासणीत होते तसेच होते. डेन्व्हरच्या टॉमस पेटी यांनी 1969 साली रोग्याला घरी राहू देऊन, शिक्षण, श्वसनाचा अभ्यास व चालणे यांचा एकत्र कार्यक्रम आखून त्याचे फलित प्रसिद्ध केले.

तरीही पुष्कळ वैद्यांना हे पटेना. फुप्फुस सुधारले नाही, मग सुधारले काय? सगळी मानसिक उभारी असेल, असेही म्हणून झाले. याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या कासाबुरी व वॉसरमन यांनी 1991 साली दिले: नेटाचा व्यायाम केलेल्या रोग्यांच्या रक्तात तेवढ्याच श्रमाला लॅक्टिक आम्ल कमी साचले आणि त्याच प्रमाणात श्वासाची मागणीही उतरली. पुढे कॅनडात मांडीच्या स्नायूचा कण तपासून आतील किण्वे वाढल्याची खातरजमा झाली. सगळ्यांची नजर छातीच्या चित्रावर खिळलेली असताना चिकित्सा मांडीत घडत होती. आणि 2015 साली 65 चाचण्यांतील 3822 रोग्यांचा ताळा घेणाऱ्या कॉक्रेन परीक्षणाने असा निर्वाळा दिला, की नेहमीच्या उपचाराशी तुलना करणारे आणखी नवे प्रयोग करण्याचे आता कारण उरलेले नाही. वैद्यकात इतक्या स्वच्छ शब्दांत खटला क्वचितच निकालात निघतो.

हृदयाची कथा इतकी सरळ नाही. हा रोग सौम्य किंवा मध्यम असताना श्वास बंद पडून मरणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने व फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारेच अधिक असतात, हे आता निर्विवाद आहे. व्यायामाने नाडीवरचा भार हलका होतो हे वर आलेच. परंतु धमन्यांचा ताठरपणा त्याने उतरतो की नाही, याविषयी एका अभ्यासाने होय म्हणावे आणि दुसऱ्याने नाही, अशी स्थिती आहे, आणि तेथे उतावळेपणाने होकार भरणे मला प्रामाणिक वाटत नाही. मात्र एका गोष्टीपाशी मी थबकलो. 2010 साली अमेरिकेत 2816 व्यक्तींच्या तपासणीत असे आढळले, की वातविस्फार जितका अधिक तितके हृदयाचे डावे दालन कमी भरते आणि दर ठोक्याला रक्तही कमी फेकते. फुगलेल्या फुप्फुसांच्या कचाट्यात हृदय क्ष-किरणचित्रात बारीक, लांबट दिसते, हे तर छातीच्या वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होतेच. ब्रेमरचा तर्क क्षयाच्या बाबतीत चुकीचाच होता. पण मोठे फुप्फुस आणि लहान हृदय ही त्याची प्रतिमा दीडशे वर्षांनी, दुसऱ्याच रोगात, अशी समोर यावी याचे मला फार नवल वाटते.

चालणे मोजायचे कसे, हाही प्रश्न होताच. अमेरिकेचे केनेथ कूपर यांनी 1968 साली ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघर नेला, तेव्हा धडधाकट सैनिकांसाठी त्यांच्यापाशी बारा मिनिटांच्या धावेची कसोटी होती; 1976 साली मॅकगॅव्हिन, गुप्ता व मॅकहार्डी यांनी तीच बारा मिनिटे श्वासनलिकादाहाच्या रोग्यांकडून चालवून घेतली, आणि 1982 साली ती सहांवर आली. आज पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतही जी कसोटी घेतात ती हीच. तीस मीटरांची सपाट पडवी, दोन्ही टोकांना एकेक शंकू, कोठेतरी एक खुर्ची, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. परीक्षकाने रोग्याच्या बरोबरीने चालायचे नाही, नाहीतर रोगी त्याच्या चालीने चालू लागतो. ठरलेल्या वेळी ठरलेलेच चार शब्द बोलायचे. दम लागला तर रोग्याने थांबावे, भिंतीला टेकावे, हवे तर खुर्चीत बसावे, आणि जमेल तेव्हा पुन्हा निघावे. घड्याळ मात्र चालूच ठेवतात. विसाव्याची मिनिटेही त्या सहांतच धरली जातात.