दिवा न विझवणारा वायू

ज्वारीचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंडावरचा दगड बाजूला करून ते काही वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत नीट तेवत राहिली तर माणूस उतरे. फडफडून विझली तर सगळे थांबत. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि घाईने उतरलेला माणूस काही श्वासांत कोसळतो. जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरणारे लोकही हीच परीक्षा घेत. या उपायाला खर्च नव्हता आणि शाळेची गरजही नव्हती.

या परीक्षेमागे एक गृहीतक आहे. वाईट हवा काहीतरी खूण देते, ज्योतीला किंवा नाकाला कळते, असं आपण धरून चालतो. रेडॉन नावाचा वायू हे गृहीतक मोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो असलेल्या खोलीत कंदील छान तेवतो. तिथे झोपणाऱ्याचं डोकं दुखत नाही की त्याला खोकला येत नाही. परिणाम झालाच तर तो अनेक वर्षांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रूपात दिसतो, आणि तेव्हाही त्या एका रुग्णाकडे बघून कारण सांगता येत नाही. त्यामुळे रेडॉनची गोष्ट ही मोजण्याची गोष्ट आहे. आधी मेलेली माणसं मोजली गेली, मग वायू मोजला गेला आणि घरांची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

खाणीतला आजार

आजच्या जर्मनी आणि चेकियाच्या सीमेवरच्या डोंगरांत सोळाव्या शतकात चांदीच्या खाणी जोरात होत्या. तिथल्या याखिमोव्ह गावाचं जर्मन नाव योआखिमस्टाल. तिथल्या चांदीच्या नाण्याला 'टालर' म्हणत आणि पुढे त्यातूनच 'डॉलर' हा शब्द आला. याच गावात गिओर्गिउस अ‍ॅग्रिकोला वैद्यकी करत असे. खाणकामावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ साली छापला गेला. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या प्रदेशात सात-सात नवरे केलेल्या बायका भेटतात, कारण नवरे लवकर मरतात, असं त्याने त्यात नोंदवलं आहे. खाणीत ताजी हवा खेळती ठेवण्याच्या यंत्रांची वर्णनंही त्या ग्रंथात आहेत. कारण ठाऊक नसताना उपाय मात्र बराचसा योग्य होता.

जवळच्याच श्नेबर्गच्या खाणकामगारांच्या छातीच्या आजाराला लोक 'डोंगरी रोग' म्हणत. १८७९ साली हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी मृत कामगारांची शवविच्छेदनं तपासून दाखवून दिलं की हा क्षय किंवा साधा दमा नाही, फुफ्फुसातली गाठ आहे. गाठ कशाने होते हे त्यांना सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण किरणोत्सारिता हीच कल्पना १८९६ पर्यंत कुणाला माहीत नव्हती.

मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियम शोधलं ते याखिमोव्हच्याच खनिजातून. रेडियममधून एक किरणोत्सारी वायू निघतो हे १९०० साली फ्रीडरिश डोर्न यांनी दाखवलं. आजार आणि त्याचं कारण एकाच डोंगरातून बाहेर पडलं होतं, पण दोघांची गाठ पडायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

मधल्या काळात तर रेडॉनला औषध मानलं गेलं. युरोपात उष्ण झऱ्यांच्या गावी लोक मुद्दाम किरणोत्सारी पाण्यात डुंबायला जात. ही हवा मुंबईपर्यंत पोचली होती. सेंट झेवियर्स कॉलेजमधले जेझुइट भौतिकशास्त्रज्ञ फादर स्टायखेन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या तुवा इथल्या उष्ण झऱ्यांची किरणोत्सारिता मोजली होती. हे गाव आता गुजरातमध्ये आहे.

अमेरिकेत अणुबाँबसाठी युरेनियम लागू लागलं तेव्हा जुना धडा माहीत असूनही गिरवला गेला नाही. कोलोरॅडोच्या पठारावरच्या खाणींत अनेक नवाहो आदिवासी कामाला होते. १९५० पासून तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने या कामगारांचा अभ्यास केला, पण धोका नेमका काय आहे हे त्यांना सांगितलं नाही. भरपाईचा कायदा झाला १९९० साली, म्हणजे अभ्यास सुरू झाल्यानंतर चाळीस वर्षांनी. रेडॉनमुळे किती कॅन्सर होतो याचे जगाकडचे पहिले भक्कम आकडे या आणि अशाच खाणकामगारांच्या मृत्यूंवरून आले.

खाणीतून घरात

रेडॉन घरात येतो कसा, हे आता पाहू. प्रत्येक दगडात आणि मातीत थोडं तरी युरेनियम असतं. ते अतिशय सावकाश क्षय पावत रेडियम बनतं आणि रेडियमचा रेडॉन होतो. साखळीतले बाकीचे पदार्थ घन आहेत, जिथल्या तिथे राहतात. रेडॉन मात्र वायू आहे. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. मातीच्या फटींतून वर यायला तेवढा वेळ पुरतो. मोकळ्यावर आला तर तो हवेत विरून जातो. घराखाली आला तर फरशीच्या भेगांतून, पाइपच्या भोवतालच्या फटींतून आत शिरतो. खरं नुकसान त्याच्यापासून होणाऱ्या पोलोनियमच्या अणूंमुळे होतं. हे अणू धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात.

घरातल्या रेडॉनचं पहिलं मोठं मोजमाप स्वीडनमध्ये झालं. हुल्टक्विस्ट यांनी १९५६ साली ते प्रसिद्ध केलं. तिथे तुरटीयुक्त शेल दगडापासून बनवलेलं निळसर काँक्रीट बांधकामात सर्रास वापरत. त्या दगडात युरेनियम जास्त होतं, त्यामुळे भिंतींमधूनच रेडॉन येत होता. हा स्वीडनपुरता प्रश्न आहे असं समजून जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

जगाचं लक्ष गेलं ते १९८४ च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनिअर काम करत. बाहेर पडताना कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी धूळ नाही ना, हे तपासणारी यंत्रं तिथे नुकतीच बसवली होती. वॉट्रस गेले की यंत्र ओरडे. गंमत अशी, की केंद्राने अजून वीज बनवायला सुरुवातही केली नव्हती. शेवटी ते सकाळी आत येतानाच यंत्रावरून गेले, तेव्हाही ते वाजलं. किरणोत्सार केंद्रातून घरी जात नव्हता; घरातून केंद्रात येत होता. त्यांच्या घरात दर घनमीटर हवेत सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन सापडला. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. जगातल्या घरांची सरासरी साधारण ४० आहे. कुटुंबाला घर सोडावं लागलं आणि जमिनीखालची हवा पाइप-पंख्याने ओढून बाहेर टाकायची व्यवस्था केल्यावर काही महिन्यांनी परतता आलं.

शेजारच्या घरांत रेडॉनचं प्रमाण कितीतरी कमी होतं. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण शेजारच्या घराचा आकडा आपल्या घराला लागू होत नाही.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २००५ साली युरोपातल्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. दर १०० बेकरेलमागे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे १६ टक्के वाढतो, असं त्यात दिसलं. वाढ टक्क्यांत असल्याने मूळ धोका किती, यावर सगळं ठरतं. वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता न ओढणाऱ्यासाठी शून्य रेडॉनला ०.४ टक्के आणि ४०० बेकरेलला ०.७ टक्के, सिगारेट ओढणाऱ्यासाठी हेच आकडे १० आणि १६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० बेकरेल ही पातळी सुचवली आणि स्थानिक परिस्थितीमुळे ती शक्य नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये असं म्हटलं.

प्लॅस्टिकच्या फिल्मवरची भोकं

हे मोजण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्लॅस्टिकचा छोटा तुकडा. अल्फा कण काही विशिष्ट प्लॅस्टिकमधून जाताना सूक्ष्म जखमेसारखी वाट करून जातो. एलआर-११५ नावाची लालसर फिल्म डबीत ठेवून ती डबी घरात तीन महिने टांगतात. नंतर ती फिल्म कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात ठेवली की जखमेची जागा लवकर झिजते आणि तिथे भोक पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली भोकं मोजायची आणि त्यावरून रेडॉनचं प्रमाण काढायचं. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. तीन महिने ठेवायचं कारण म्हणजे रेडॉन रात्री वाढतो, दिवसा उतरतो, ऋतूप्रमाणे बदलतो. एका दिवसाचा आकडा म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून वर्षाचा अंदाज बांधण्यासारखं.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यात सुंदर भर घातली. थोरियमपासून होणाऱ्या थोरॉनचं अर्धायुष्य जेमतेम ५५ सेकंदांचं. डबीला दोन कप्पे करून मधल्या पडद्याला बारीक छिद्रं ठेवली, की त्यांतून झिरपत जायच्या वेळात थोरॉन संपून जातो आणि आतल्या कप्प्यात फक्त रेडॉन पोचतो. दोन कप्प्यांतल्या भोकांची वजाबाकी केली की थोरॉन वेगळा काढता येतो. यात कुठेही सर्किट नाही. गाळणीचं काम वेळच करतो.

काळ्या दगडावरचं घर

अमरावती आणि अकोला यांच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बेसॉल्टमध्ये युरेनियम फार कमी, दहा लाख भागांत एकाहूनही थोडं. ग्रॅनाइटमध्ये ते तीन ते पाच असतं. पूर्णेच्या खोऱ्यातला शेकडो फुटांचा गाळही बराचसा गाविलगडच्या बेसॉल्टचाच. पूर्वेला नागपूरपाशी हा दगड संपतो आणि त्यापुढच्या विदर्भाचा पाया वेगळा आहे. वऱ्हाडच्या जमिनीचा ठाऊक असलेला त्रास पाण्यातून येतो, खारपाणपट्ट्याच्या विहिरींतून. हवेच्या बाबतीत मात्र भूगर्भ वऱ्हाडाला अनुकूल आहे.

याला एक अपवाद मोर्शी तालुक्यात सालबर्डीला आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात लाव्हाच्या खालचे जुने खडक उघडे पडले आहेत आणि उष्ण झरेही आहेत. सगळ्या जिल्ह्यासाठी एकच डबी मिळाली तर ती तिथल्या एखाद्या घरात टांगावी. आणखी एक गोष्ट काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती हातभर खोल भेगाळते, पावसाळ्यात फुगून बंद होते. उघड्या शेतात भेगा वायूला वाट देतात. पण पावसात शेत बंद झाल्यावर घराखालची कोरडी जागा हीच सोपी वाट उरते. म्हणून इथे एकाच ऋतूत मोजून भागणार नाही.

कूलर आणि एसी

जमीन हा हिशेबाचा अर्धा भाग. खोलीतला रेडॉन म्हणजे आत येणारा वायू भागिले बदलणारी हवा. थंड देशांत घर तापवतात, गरम हवा वर चढून बाहेर पडते आणि खालून जमिनीतली हवा ओढली जाते. शिवाय घराखाली तळघर असतं. वऱ्हाडात यांतलं काही नव्हतं. कवेलूच्या छपराच्या फटींतून हवा अखंड खेळायची. धाब्याच्या घराचं माजघर अंधारं असलं तरी मे महिन्याच्या रात्री माणसं अंगणात बाज टाकून किंवा धाब्यावर झोपायची. नंतर खिडकीत कूलर आला. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून खेचून खोलीत ढकलतो आणि खोलीतली हवा दारातून बाहेर घालवतो. पारा ४५ च्या पुढे गेला असताना कुणी रेडॉनचा विचार करून कूलर लावला नव्हता, पण रेडॉन काढायला याहून चांगलं यंत्र सुचणं कठीण.

एसी याच्या नेमकं उलट करतो. तो तीच हवा फिरवतो, आणि वीजबिल वाचवायला आपण खिडकीच्या फटीही बुजवतो. समजा, ताशी एकदा हवा बदलणाऱ्या खोलीत १५ बेकरेल आहेत. हवा बदलण्याचा वेग दहापट कमी झाला तर रेडॉन जवळपास दहापट होईल. जमीन तीच, दगड तोच आणि आकडा १५० च्या घरात. हे गणित आहे, मोजमाप नव्हे. पण मोजायला कुठून सुरुवात करायची हे ते सांगतं. तळमजल्यावरची, रात्रभर बंद असणारी एसीची खोली आधी घ्यावी.

बांधकामाच्या मालाबद्दलही भीती असते. अकोल्याजवळ पारसला औष्णिक वीज केंद्र आहे आणि राखेच्या विटा आता सर्वत्र दिसतात. कोळसा जळून गेल्यावर रेडियम राखेत मागे राहतं हे खरं. पण राखेचे कण काचेसारखे असल्याने रेडॉन त्यांतून सहजी सुटत नाही. ओट्यावरच्या ग्रॅनाइटचा वाटाही हवा खेळत्या स्वयंपाकघरात किरकोळच. घराखालची माती आणि घरातली हवा या दोन्हींपुढे या गोष्टी दुय्यम आहेत.

धोक्यांचा क्रम लावायचा तर वऱ्हाडातल्या घरात रेडॉन पहिला येणार नाही. पऱ्हाटीच्या चुलीचा धूर आणि घरात ओढलेली बिडी फुफ्फुसाचं आजच अधिक नुकसान करतात, आणि तंबाखूचा धूर रेडॉनचा धोका कित्येक पट वाढवतो. बिडी सुटली तर दोन्ही आकडे एकदम उतरतात.

श्नेबर्गचे कामगार मेल्यावर मोजले गेले. वॉट्रस यांचं घर योगायोगाने मोजलं गेलं. आपल्याकडे घरं अजून बदलत आहेत, खिडक्या एकेक करून बंद होत आहेत, आणि डबी टांगायला एक खिळा पुरतो. आकडा १०० च्या आत आला तर निर्धास्त राहावं. वर आला तर फरशीच्या भेगा बुजवाव्या आणि झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेवून पुन्हा मोजावं.