घरभाडं, बचतीची वही आणि बायकांची एकी



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होताना एखादीचा हप्ता आला नाही, तर कारण आपल्याला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. कुणाचं पोर आजारी असतं, कुणाची मजुरी अडकलेली असते. पैशाचा सल्ला द्यायचा तर आधी समोरचीचं घर माहीत पाहिजे, हे आपण अनुभवानं शिकलो. लंडनमधल्या एका बाईनं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी याच गोष्टीवर आपलं सगळं काम उभं केलं. तिचं नाव ऑक्टाव्हिया हिल. आज तिची हकिकत सांगणार आहोत, आणि तिचा सल्ला जिथं अपुरा पडला, तिथं पुढं झालेल्या ग्लासगोच्या बायकांचीही.

ऑक्टाव्हियाचा जन्म 1838 सालचा. ती लहान असतानाच वडिलांचं दिवाळं निघालं आणि घर विस्कटलं. चौदा वर्षांची असताना ती गरीब मुलींच्या खेळणी बनवण्याच्या कामावर देखरेख करू लागली. त्या मुलींच्या घरी गेल्यावर तिनं पाहिलं, की एकेका अंधाऱ्या, कोंदट खोलीत अख्खं कुटुंब राहतं. भाडं मात्र नेमानं द्यावं लागतं आणि मालक डागडुजीला हात लावत नाही.

1865 साली जॉन रस्किन या लेखकानं तिच्या सांगण्यावरून लंडनच्या मेरिलबोन भागात तीन घरं साडेसातशे पौंडांना घेतली आणि तिच्या हाती सोपवली. अट एकच होती: गुंतवलेल्या पैशावर दरसाल 5 टक्के परतावा मिळावा. नफ्याला अशी मर्यादा घालून गरिबांना परवडेल अशा भाड्यानं घरं द्यायची, ही त्यामागची कल्पना.

ऑक्टाव्हिया आणि तिच्या सोबतिणी दर आठवड्याला भाडं घ्यायला स्वतः दारात जात. भाडं घेता घेता विचारपूस होई. नळ गळतोय का, जिन्याचा कठडा मोडलाय का, हेही बघितलं जाई. ज्यांना जमेल त्यांची थोडी बचतही त्या जमा करून घेत. घराच्या दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम बाजूला असे. मोडतोड कमी झाली आणि पैसे उरले, तर त्यातून घरात काय नवीन करायचं हे भाडेकरू ठरवत. कुणाचं काम सुटलं तर भीक न देता रंगकाम, चुना लावणं, झाडलोट अशी त्याच इमारतीतली कामं दिली जात. हातात मजुरी पडे आणि भाडंही निघे.

पण ती कडक होती. भाडं थकवणाऱ्याला घर सोडावं लागे. माणूस काटकसरी आणि शिस्तीचा झाला, की त्याचं भागेल, अशी तिची श्रद्धा होती. सरकारनं म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी, गरिबांसाठी घरं बांधावीत, याला तिचा विरोध होता. 1912 साली ती वारली. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी मात्र घरांची व्यवस्था पाहणं हा बायकांचा एक व्यवसायच करून टाकला.

सल्ला चांगला होता, पण मिळकतच पुरत नसेल तर काटकसर कशाची करायची? हा प्रश्न तिच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात उभा राहिला. पहिलं महायुद्ध चालू होतं. जहाजांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करायला हजारो माणसं आली. घरं तेवढीच राहिली आणि मालकांनी भाडी वाढवली. कितीतरी घरांतले पुरुष लढाईवर गेले होते. महागाई वाढत होती आणि संसार बायका ओढत होत्या.

गोव्हन भागातल्या मेरी बार्बर आणि त्यांच्या शेजारणींनी ठरवलं, की जुनं भाडं देऊ, वाढीव देणार नाही. खिडक्यांत तसे कागद लागले. घर खाली करवून घ्यायला सरकारी माणूस आला, की एक बाई घंटा वाजवी. हातातलं काम टाकून साऱ्या जणी जिन्यात जमत आणि त्याच्यावर पिठाच्या पुड्या फेकत. बघता बघता हजारो कुटुंबं यात उतरली. 17 नोव्हेंबर 1915 रोजी 18 भाडेकरूंना कोर्टात बोलावलं, तेव्हा कामगार आणि बायकांचा मोठा मोर्चा तिथं धडकला. खटला सोडून द्यावा लागला. डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि छोट्या घरांची भाडी युद्धापूर्वीच्या दरावर रोखली गेली.

त्याच युद्धाच्या काळात मुंबईतही भाडी भडकली होती. 1918 साली मुंबईतही भाडं रोखणारा कायदा आला. ब्रिटनमध्ये 1919 साली नगरपालिकांनी सरकारी मदतीनं भाड्याची घरं बांधावीत, असा कायदा झाला. मेरी बार्बर 1920 साली ग्लासगोच्या नगरसेविका झाल्या.

आज इंग्लंडमध्ये सुमारे 40 लाख कुटुंबं नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थांच्या घरांत भाड्यानं राहतात. भाडं थकलं, की अनेक ठिकाणी संस्थेचीच माणसं जमाखर्च मांडून देतात, कर्जाचे हप्ते बसवून देतात. शिवाय सरकारी मदत हक्कानं मिळते का, तेही तपासतात. म्हणजे ऑक्टाव्हियाची वही राहिली, आणि तिला जो नको होता तो सरकारी आधारही सोबत आला.

सख्यांनो, आपल्या गटात कुणाचा हप्ता थकला तर आधी एकच विचारू: पैसा हातचा निसटतोय, की मुळात पुरतच नाही? निसटत असेल तर वही घेऊन तिच्याजवळ बसू. पुरत नसेल तर तिला काटकसर शिकवत बसण्यात अर्थ नाही. अडकलेली मजुरी असो, थकलेलं पेन्शन असो, की यादीत नाव असून न मिळालेलं घरकुल असो, तिला एकटीला पाठवू नये. सगळ्या मिळून ग्रामसभेत उभ्या राहू.