डॉक्टरांनी लिहिली एक टेस्ट, रिपोर्टमध्ये आल्या दोन: लॅब स्वतःहून टेस्ट वाढवू शकते का?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त 'टीएसएच' लिहिलेलं असतं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो, तर त्यात 'फ्री टी-४' नावाची आणखी एक टेस्ट दिसते. काही जणांना वाटतं, बरं झालं, पुन्हा सुई टोचून घ्यायला नको. काही जणांच्या मनात लगेच येतं, बिल वाढवायचा धंदा आहे.

दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. वाढवलेली टेस्ट कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावं लागतं.

लॅब टेस्ट का वाढवते?

याचे साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार 'रिफ्लेक्स टेस्टिंग'. यात नियम आधीच ठरलेला असतो. पहिल्या टेस्टचा निकाल ठरावीक मर्यादेबाहेर गेला, की त्याच नमुन्यावर पुढची टेस्ट होते. टीएसएच बिघडलेलं आलं तर थायरॉइडचं काम कितपत बिघडलंय हे कळायला फ्री टी-४ लागतंच. हिपॅटायटिस सी ची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, तर विषाणू आजही शरीरात आहे की संसर्ग जुना आहे, हे आरएनए टेस्टशिवाय कळत नाही.

दुसरा प्रकार 'रिफ्लेक्टिव्ह टेस्टिंग'. इथे लॅबमधले तज्ज्ञ डॉक्टर रिपोर्ट पाहून विचार करतात. उदाहरणार्थ, रक्तात कॅल्शियम वाढलेलं दिसलं, तर ते पॅराथायरॉइड हार्मोनची टेस्ट जोडतात. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ही पद्धत रुळलेली आहे.

तिसरा प्रकार पॅकेजचा. 'अजून थोडे पैसे भरा, व्हिटॅमिन डी, बी-१२ सगळंच होऊन जाईल' असं काउंटरवर सांगितलं जातं, किंवा न विचारताच बिलात धरलं जातं. यामागे पहिल्या टेस्टचा निकाल नसतो, कारण रक्त अजून घेतलेलंच नसतं.

एक गैरसमजही दूर करायला हवा. हिमोग्लोबिनसाठी सीबीसी केली की पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स असे बरेच आकडे येतात. मशीन एकाच वेळी ते सगळं मोजतं. ती वाढवलेली टेस्ट नव्हे. प्लेटलेट्स फार कमी दिसल्या तर रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासणं हाही पडताळणीचा भाग आहे. कधीकधी नळीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत ही पडताळणी फार महत्त्वाची ठरते.

जास्तीच्या टेस्टने जीव वाचू शकतो?

हो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी लॅबमध्ये २०१६ पासून एक नियम देशभर लागू झाला. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या सीडी-४ पेशी १०० पेक्षा कमी आढळल्या, की उरलेल्या रक्तावर क्रिप्टोकॉकस या बुरशीची टेस्ट आपोआप करायची. या बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला जीवघेणा संसर्ग होतो, पण तिचा माग रक्तात लक्षणांच्या आधीच लागू शकतो. डॉक्टरांनी वेगळी चिठ्ठी लिहायची वाट पाहिली असती तर अनेक रुग्णांच्या बाबतीत ही वेळ निघून गेली असती.

मग जास्त टेस्ट केल्या तर बिघडतं कुठे?

'नॉर्मल रेंज' कशी ठरते, यात याचं उत्तर आहे. बहुतेक टेस्टमध्ये निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे नॉर्मल धरले जातात. म्हणजे ५ टक्के निरोगी माणसंही रेंजच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा लाल रंगात येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

त्या लाल आकड्यामागे पुढची टेस्ट, मग सोनोग्राफी, मग आणखी एका तज्ज्ञांची फी अशी रांग लागते. खर्चासोबत घरातल्यांची झोपही उडते.

दक्षिण कोरियाचं उदाहरण रक्ताच्या टेस्टचं नाही, पण ते बोलकं आहे. तिथे १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइडची तपासणी तिच्यात नव्हती. पण अनेक ठिकाणी थोडे पैसे जास्त घेऊन थायरॉइडची सोनोग्राफी जोडून दिली जाई. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १५ पट झालं, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. कधीही त्रास न देणाऱ्या गाठींसाठी हजारो लोकांचं ऑपरेशन झालं आणि अनेकांना आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या.

भारतात संशय जास्त का?

ब्रिटनच्या सरकारी व्यवस्थेत टेस्ट वाढली तरी रुग्णाला काउंटरवर पैसे भरावे लागत नाहीत. आपल्याकडे खासगी लॅबचा खर्च बहुतेकदा रुग्णाच्याच खिशातून जातो. त्यात 'कट प्रॅक्टिस'ची चर्चा जुनी आहे. डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन घेण्याला २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बंदी आहे. तरीही २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारला कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याच्या मसुद्यासाठी समिती नेमावी लागली. त्यामुळे प्रामाणिक लॅबने योग्य कारणासाठी टेस्ट वाढवली, तरी तिच्याकडे संशयानेच पाहिलं जातं.

कायदा काय सांगतो?

एचआयव्हीबद्दल कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, काही ठरावीक अपवाद सोडले तर, माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही. 'रक्त होतंच, म्हणून करून टाकली' हे कारण चालत नाही.

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही. तो खटला शस्त्रक्रियेचा होता, लॅबचा नव्हता. पण एका गोष्टीला दिलेला होकार सगळ्याला लागू होत नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आलं. रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. टेस्ट कोणी आणि का वाढवली, हे विचारायचं तर आधी ती सही पाहा.

तुम्ही काय करू शकता?

• रक्त देण्याआधी बिल आणि चिठ्ठी शेजारी ठेवून टेस्टची नावं जुळवा.
• 'निकाल बिघडला तर पुढची टेस्ट आपोआप करता का? तिचे पैसे वेगळे का?' हे आधीच विचारा.
• 'वाढवण्याआधी मला किंवा डॉक्टरांना फोन करा' असं फॉर्मवर लिहून द्या.
• न सांगितलेल्या टेस्टमध्ये लाल आकडा दिसला, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा.
• न विचारता पैसे लावले असतील तर लेखी कारण मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

थोडक्यात, वाढवलेली टेस्ट योग्य की अयोग्य हे तीन गोष्टींवरून कळतं. ती पहिल्या निकालातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर देते का? तिचा नियम किंवा कारण लॅबला सांगता येतं का? आणि तुम्हाला त्याची कल्पना दिली होती का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर त्या टेस्टने तुमची एक फेरी आणि एक सुई वाचवली. नसेल, तर काउंटरवर जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.