शब्दाच्या टोकावरचा उ

मेटगळ्ळीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाच्या तोंडी ‘म्हैसूर’ येते, शेजाऱ्यांच्या तोंडी ‘मैसूरु’. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे कन्नड उच्चाराप्रमाणे बदलली आणि हा शेवटचा उ इंग्रजी पाट्यांवरही आला. त्याच दिवशी बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. सीमाभागात नावाचा प्रश्न नुसता उच्चाराचा राहत नाही. ‘तुम्ही आमचे नाव तोडता’ आणि ‘तुम्ही नावाला शेपूट लावता’ ही दोन्ही वाक्ये मी ऐकली आहेत. म्हणून या उचा इतिहास पाहावासा वाटला.

उ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूकडे उचलला जातो आणि ओठ गोल होतात. शब्दाच्या शेवटी श्वास ओसरत आलेला असतो. ओठ अर्धवटच वळतात, स्वर आखडतो. तमिळ व्याकरणात या आखूड उला ‘कुट्रियलुगरम्’ असे स्वतंत्र नाव आहे. असा स्वर सहज गळतो, तसाच शेवटच्या व्यंजनाला टेकू म्हणून सहज येतोही. इंग्रजी ‘बस’चे कन्नडमध्ये ‘बस्सु’ होते, जपानीत ‘बासु’.

जुन्या कन्नडमध्ये गाव म्हणजे ‘ऊर्’, दूध म्हणजे ‘पाल्’. दोन्ही शब्द व्यंजनावर थांबत. पुढे मध्ययुगीन कन्नडमध्ये त्यांचे ‘ऊरु’, ‘हालु’ झाले. या उला स्वतःचा अर्थ नाही. पुढे स्वर आला की तो निघून जातो : ऊरु अधिक अल्लि, ‘ऊरल्लि’, म्हणजे गावात.

मराठीचा प्रवास उलट दिशेचा. संस्कृत ‘देवः’, प्राकृत ‘देवो’, जुन्या मराठीत ‘देवु’. १२९० च्या ज्ञानेश्वरीत अशी उकारान्त रूपे पदोपदी भेटतात. तिथला उ टेकू नव्हता, प्रथमेच्या एकवचनाची खूण होता. तो आधी झिजून अ झाला, मग बोलण्यातून तोही गेला. आज आपण ‘देव्’ म्हणतो. मंगळूरकडच्या सारस्वतांच्या कोंकणीत मात्र ‘देवु’ अजून ऐकू येतो.

म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी मराठीच्या ओठांवर हा उ होता आणि कन्नडमध्ये तो रुळत होता. एकीने पुढे तो टाकला, दुसरीने जपला. ‘म्हैसूर’ म्हणणारा नाव तोडत नाही, आपल्या भाषेच्या वळणाने जातो. योगायोगाने त्याच्या तोंडी जुन्या कन्नडचा ‘ऊर्’ येतो. ‘मैसूरु’ म्हणणाराही शेपूट लावत नाही. गंमत अशी, की १९६२ च्या आपल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहायचा. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत ‘बंगळुरू’ छापले जाते आणि कन्नड ओठांवर जेमतेम उमटणारा तो उ आपल्याकडे चांगला लांबतो.