लंडनचे औषधनिर्माणशास्त्र विद्यालय: शिक्षण, परीक्षा आणि पदके

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये औषधाचे दुकान थाटण्यासाठी कोणतीही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागत नसे. १८१५च्या कायद्याने अपॉथेकरी, म्हणजे रोग्याला तपासून स्वतःच औषध देणारा व्यावसायिक, याला परवाना सक्तीचा केला होता; परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देणारे आणि औषधिद्रव्यांची विक्री करणारे केमिस्ट व ड्रगिस्ट त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले होते. त्यांची विद्या दुकानातल्या उमेदवारीतून मिळत असे आणि तिचा दर्जा मालकाच्या कुवतीवर अवलंबून असे. १८४१ मध्ये संसद सदस्य बेंजामिन हॉज यांनी या वर्गालाही नियंत्रणाखाली आणणारे विधेयक मांडले, तेव्हा धास्तावलेल्या व्यावसायिकांनी १५ एप्रिल १८४१ रोजी लंडनच्या स्ट्रँड भागातील एका पथिकगृहात सभा भरवून फार्मास्युटिकल सोसायटीची स्थापना केली. बाहेरचे नियंत्रण टाळायचे असेल, तर आपली पात्रता आपणच सिद्ध केली पाहिजे, हे सोसायटीचे प्रमुख प्रवर्तक जेकब बेल यांनी ओळखले होते.

या विचारातूनच १८४२ मध्ये ब्लूम्सबरी स्क्वेअर येथील १७ क्रमांकाच्या वास्तूत सोसायटीचे विद्यालय सुरू झाले. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, औषधे सिद्ध करण्याची प्रक्रिया आणि मटेरिया मेडिका असे तेथील विषय होते. मटेरिया मेडिका म्हणजे औषधिद्रव्यांचे उगमस्थान, स्वरूप, गुणधर्म आणि त्यांतील भेसळ यांचे ज्ञान. हा विषय जोनाथन परेरा यांच्याकडे होता आणि त्यांच्या ग्रंथामुळे त्याला शास्त्रीय बैठक लाभली होती. दशकाच्या मध्यास विद्यार्थ्यांना स्वतः प्रयोग करता येतील अशी प्रयोगशाळाही उभी राहिली, त्यामुळे केवळ व्याख्याने ऐकणाऱ्या श्रोत्याची जागा हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्याने घेतली.

विद्यालय निघाले, तरी तेथे शिकण्याची सक्ती कोणावरही नव्हती. १८५२च्या फार्मसी कायद्याने सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ‘फार्मास्युटिकल केमिस्ट’ ही उपाधी राखून ठेवली खरी, परंतु ती न मिळवताही दुकान चालवता येत असे. दिवसभर दुकानात राबणाऱ्या उमेदवाराने वेळ व पैसा खर्चून अभ्यास का करावा, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. ते काही अंशी पारितोषिकांनी दिले. १८५३ मध्ये परेरा यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ पदक ठेवण्यात आले, तर १८५९ मध्ये निवर्तलेल्या बेल यांच्या स्मृतीसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. या दोहोंचे कार्य वेगळे होते: शिष्यवृत्तीने ऐपत नसलेल्या होतकरू उमेदवाराला विद्यालयाचा उंबरठा ओलांडता येत असे आणि पदकाने यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व्यवसायात सर्वतोमुखी होत असे.

१८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे मिठाईत चुकून सोमल मिसळला गेल्याने अनेकांचे प्राण गेले आणि विषारी द्रव्यांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची मागणी बळावली. १८६८च्या कायद्याने औषधविक्रीच्या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना ‘मायनर’ ही परीक्षा अनिवार्य केली. ‘मेजर’ ही वरची परीक्षा फार्मास्युटिकल केमिस्ट या उपाधीसाठी होती. कायद्याने परीक्षा सक्तीची केली, परंतु विद्यालयातील शिक्षण सक्तीचे केले नाही, म्हणून नेमके प्रश्न घोकवून घेणाऱ्या खासगी शिकवण्यांना ऊत आला. अशा स्थितीत पदकाचा अर्थ बदलला. पूर्वी ते अभ्यासाकडे ओढणारे आमिष होते. आता केवळ परवान्यापुरते शिकलेला आणि विषयात खोलवर गेलेला यांच्यातील फरक दाखवणारे ते प्रमाण ठरले.

परीक्षेतील गुणवत्तेचे सामर्थ्य स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नात विशेष दिसून आले. या कायद्यान्वये तयार झालेल्या औषधव्यावसायिकांच्या १८६९च्या पहिल्या नोंदवहीत २२३ स्त्रियांची नावे होती. त्यांतील अनेकींनी पती वा पित्याच्या पश्चात दुकान सांभाळले होते. मात्र सोसायटीच्या प्रयोगशाळेची व सभासदत्वाची दारे स्त्रियांना बंद होती. अ‍ॅलिस व्हिकरी १८७३ मध्ये मायनर परीक्षा उत्तीर्ण झाल्या, त्याच वर्षी रोझ मिन्शल यांनी मायनरच्या आधीच्या प्राथमिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला आणि इझाबेला क्लार्क यांनी १८७५ मध्ये मेजर परीक्षा पार केली. सोसायटीने प्रयोगशाळा नाकारल्यामुळे जॉन म्यूटर यांच्या दक्षिण लंडनमधील विद्यालयात स्त्रियांना प्रात्यक्षिके करावी लागली. ज्या संस्थेने स्वतःच परीक्षेला योग्यतेची कसोटी मानले होते, तिला त्या कसोटीस उतरलेल्यांना दूर ठेवणे अखेर अवघड झाले आणि १८७९ मध्ये क्लार्क व मिन्शल यांना सभासदत्व मिळाले.

विसाव्या शतकात विद्यालयाचा प्रवास व्यावसायिक संस्थेकडून विद्यापीठाकडे झाला. १९२५ मध्ये ते लंडन विद्यापीठाशी जोडले गेले, त्यामुळे व्यवसायाच्या परवान्याबरोबर विद्यापीठाची पदवीही मिळवता येऊ लागली. १९४९ मध्ये सोसायटीपासून अलग होऊन ते विद्यापीठाचे स्वतंत्र विद्यालय बनले आणि २०१२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विलीन झाले.

भारतात या इतिहासाचा क्रम काहीसा वेगळा राहिला. येथे कंपाउंडरचे प्रशिक्षण रुग्णालयांच्या आधाराने चालत असताना महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले आणि १९३७ मध्ये तेथे तीन वर्षांचा बी. फार्म. अभ्यासक्रम आकारास आला. इंग्लंडमध्ये आधी व्यावसायिकांची संघटना आणि बऱ्याच काळाने विद्यापीठ आले, तर भारतात विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने व्यवसायाच्या नियमनाला वाट करून दिली. तरीही एका बाबतीत दोन्ही देश सारखेच आहेत: लंडनच्या विद्यालयानंतर सव्वीस वर्षांनी १८६८चा सक्तीचा कायदा आला आणि बनारसच्या पदवी अभ्यासक्रमानंतर अकरा वर्षांनी भारताचा १९४८चा फार्मसी कायदा झाला. दोन्हीकडे आधी शिक्षण आले आणि पात्रतेची सक्ती करणारा कायदा मागाहून आला.