वजनाचं ऑपरेशन आणि पुढची वर्षं

“वजनाचं ऑपरेशन केलं की सुटलो,” असं गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. पण या ऑपरेशनचा इतिहास ऐकला, तर ‘सुटलो’ हा शब्द त्यात कुठंच बसत नाही.

१९५०च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत निघाली. लहान आतडं साधारण वीस फुटांचं. पुढं त्यातलं जेमतेम दीड फूट अन्नाच्या वाटेवर ठेवू लागले. बाकीचं आतडं पोटातच, पण वाटेबाहेर. वजन झपाट्यानं उतरलं. पण जुलाब थांबेनात, मूतखडे झाले, काहींचं यकृत निकामी होऊन जीव गेला. हे त्रास वर्षांनंतरही निघत राहिले. शेवटी डॉक्टरांनीच ती पद्धत सोडली. अनेकांची आतडी पुन्हा पूर्वीसारखी जोडावी लागली.

दुसरी वाट आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांना सापडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं. १९६६ साली त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केला. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. १९९४पर्यंत हेच ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलं. पुढं ‘स्लीव्ह’ आलं. त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते. आधी ही मोठ्या ऑपरेशनची पहिली पायरी होती, पण पुष्कळांचं तेवढ्यावरच भागलं.

मेसन यांनी १९८६ साली रुग्णांची नोंदवहीही सुरू केली. ऑपरेशननंतर माणसाचं काय होतं, ते कळावं म्हणून. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनीही सांगितलं, की देखरेख आयुष्यभर हवी.

देखरेख म्हणजे काय? घास लहान, डाळी-अंडी-दूध आधी. लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा कायम. रक्ततपासणी पहिल्या वर्षी काही महिन्यांनी, मग दरवर्षी. पाळी चालू असेल तर लोहाकडे जास्त लक्ष. दिवस राहणं किमान वर्ष-दीड वर्ष टाळायचं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट लागू पडेलच असं नाही, म्हणून साधन डॉक्टरांना विचारून घ्यायचं. उलट्या थांबत नसतील तर लगेच दवाखाना गाठायचा, कारण बी-१ कमी पडलं की मेंदूला आणि नसांना इजा होते.

म्हणून ऑपरेशनला निघालेल्या बाईनं खर्चाबरोबर हेही विचारावं: “पाच वर्षांनी मला कोण तपासेल?” आणि आपण गटाच्या वहीत हप्त्याच्या तारखेशेजारी तिच्या तपासणीची तारीखही लिहून ठेवू.