अंध वक्त्याची प्रेमकथा

बारामती तालुक्यांतील लोणी भापकर हें गांव मल्लिकार्जुनाचें देवालय, पुष्करिणी व यज्ञवराहाची मूर्ति यांमुळें संशोधकांस परिचित आहे. याच तालुक्यांत, खुद्द बारामतीस, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) भारतकथा आर्यावृत्तांत उतरविली. या टापूंतील पोथ्या पाहणारांपुढें आम्ही एक प्रश्न ठेवूं इच्छितों : अंधाच्या मुखानें सांगितलेली कथा, विशेषतः प्रेमकथा, आपल्या वाङ्मयांत कोठें सांपडते ?

भारतांतील युद्धकथेचा वक्ता संजय व श्रोता अंध धृतराष्ट्र. ज्ञानेश्वरीचीही मांडणी तीच. यावरून, अंधाच्या वांट्यास ऐकणेंच आलें, असा समज होतो. परंतु आदिपर्वाच्या आरंभींच्या विलापांत धृतराष्ट्र स्वतः वक्ता होतो. द्रौपदीस्वयंवर, सुभद्राहरण येथपासून युद्धाच्या अंतापर्यंतची सर्व कथा तो सांगतो, आणि त्यांतील श्लोकामागून श्लोक 'ऐकणें' याच क्रियापदानें उघडतो. अंध वक्त्याची ही खरी खूण होय.

ही खूण कादंबऱ्यांस लावून पाहावी. लिटनच्या 'लास्ट डेज ऑफ पाँपेई' (१८३४) या कादंबरींत निडिया ही अंध फूलविक्री प्रेमिका आहे, पण कथा ग्रंथकार सांगतो. कॉलिन्सच्या 'पुअर मिस फिंच' (१८७२) मध्यें अंध नायिकेची रोजनिशी आहे. मात्र ती लिहिली जाते शस्त्रक्रियेनें दृष्टि आल्यावर. बंकिमचंद्रांनीं 'रजनी' (१८७७) या बंगाली कादंबरींत याच्या पुढें पाऊल टाकिलें. निडियेचें व अनेक वक्त्यांच्या योजनेपुरतें कॉलिन्सच्या 'वुमन इन व्हाइट'चें ऋण त्यांनीं मान्य केलें आहे. पण कथेचा पहिला खंड त्यांनीं अंध रजनीच्याच तोंडीं घातला. तिचें प्रेम जडतें तें स्वर व स्पर्श यांवरून. रूपवर्णनाचा सर्व परिचित संभार तेथें गळून पडतो. शेवटीं तिलाही दृष्टि देण्याचा मोह मात्र ग्रंथकारास आवरला नाहीं.

मराठींत या प्रश्नाचें उत्तर कल्पित कथेंत न शोधतां प्रत्यक्षांत शोधावें, असें आम्हांस वाटतें. विदर्भांतील श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि तान्हेपणींच गेली. त्यांनीं स्वतःस श्रीकृष्णाची पत्नी मानून मधुरा भक्तीची विपुल रचना केली. येथें प्रेम सांगणारा अंध हा कोणा डोळसाची निर्मिति नव्हे. मात्र ही वाणी आपणांस लाभली ती बरीचशी शिष्यांच्या लेखणींतून.

मुद्दा आहे तो येथेंच. अंध कवीची पोथी बहुधा दुसऱ्याच्या हस्ताक्षरांत असावयाची. जुन्या पोथींत 'लेखक' म्हणजे नक्कल करणारा. सूची करणाराने त्यासच ग्रंथकर्ता ठरविल्यास मूळ वक्ता कायमचा लोपतो. म्हणून लोणी भापकर, बारामती वा इतरत्र पोथ्या तपासणारांस आमची विनंति अशी कीं, समाप्तिलेख पूर्ण उतरून घ्यावा. सांगणारा व लिहिणारा हे भिन्न दिसल्यास तशी नोंद करावी. आणि वर्णनें केवळ श्रवण-स्पर्शाचीं असल्यास त्या पोथीकडे दुसऱ्यांदा पाहावें. एवढ्यावरून कर्ता अंध ठरणार नाहीं हें खरें. पण शोधास दिशा मिळेल.